"मॅडम, इथे कोणी शिकवतच नाही!"

बसा. दार लावून घ्या आणि फोन पालथे ठेवा. आज मी मराठीतच बोलणार आहे. इतकी वर्षं इंग्लंडमध्ये राहून माझं इंग्रजीतलं रागावणं फार गुळगुळीत झालंय. तुम्हाला ते कौतुक वाटतं आणि तुम्ही "थँक यू मॅडम" म्हणून निघून जाता.

पहिल्या सत्राचे निकाल लागले. ज्यांना ४२ मिळाले ते मला विचारायला आले, "पास ना मॅडम?" नाही रे बाबा. इथे ४० ला पास होतात ते पदवीचे विद्यार्थी. मास्टर्सला ५० लागतात. हँडबुकात सुरुवातीलाच छापलंय, आणि ते हँडबुक सप्टेंबरपासून तुमच्या लॅपटॉपमध्ये पडून आहे. त्याच दिवशी एक मुलगी ६५ मिळाले म्हणून डोळे पुसत बसली होती. अगं, ७० ला इथे डिस्टिंक्शन असतं, ६५ हे चांगले गुण आहेत. दहावीचे ९४ टक्के अजून डोक्यातून उतरले नाहीत का? रडायला हवं तो मित्रांना पार्टी देतोय आणि हसायला हवं ती रडतेय.

बरं, गुण पाहिलेत. त्याखाली मी काय लिहिलंय ते वाचलंत का? मान हलवू नका. कोणी फीडबॅक उघडला आणि कोणी नाही, हे मला स्क्रीनवर दिसतं. रविवार घालवून मी प्रत्येकाच्या निबंधाखाली लिहिलं, की इथे दावा केलास पण पुरावा दिला नाहीस, इथे दोन लेखकांची मतं शेजारीशेजारी ठेवलीस पण ती एकमेकांशी भांडतात हे तुला दिसलंच नाही. तुमच्यातल्या बहुतेकांनी आकडा पाहिला आणि खिडकी बंद केली. मग व्हॉट्सॲप ग्रुपवर लिहिलं, "इथे कोणी शिकवतच नाही. आठवड्यातून तीन दिवस लेक्चर, बाकी सुट्टी."

सुट्टी? जरा गणित करू. बीकॉमला होतात ना सगळे? मास्टर्सचे १८० क्रेडिट्स, एका क्रेडिटमागे दहा तासांचा अभ्यास धरलेला असतो, म्हणजे वर्षाचे १,८०० तास. वीस क्रेडिटचं एक मॉड्यूल म्हणजे २०० तास. त्यातले वर्गात किती? पंचवीस, फार तर तीस. उरलेले एकशे सत्तर कोणाचे? ते तुमचे आहेत. वाचायचे, लिहायचे, खोडायचे, लायब्ररीत डुलक्या काढायचे, माझ्याकडे येऊन वाद घालायचे. फी त्यांचीही भरली आहे तुम्ही. त्या तासांना तुम्ही सुट्टी म्हणता आणि वर मला विचारता की पैशाचा मोबदला कुठे आहे.

मला माहीत आहे ते तास कुठे जातात. वेअरहाउसमध्ये जातात. रात्रीची शिफ्ट करून सकाळी नऊच्या लेक्चरला येता आणि शेवटच्या रांगेत डोकं टेकवता. मी बघते, बोलत नाही. तुमच्यापैकी कोणाच्या सातबाऱ्यावर बँकेचा बोजा चढलाय, कोणाच्या आईचं सोनं गहाण आहे, तेही मला माहीत आहे. त्यामुळे काम करूच नका असं मी सांगणार नाही. पण व्यवहार तरी नीट मांडा. सत्र चालू असताना आठवड्याला २० तासांची मर्यादा आहे. एप्रिल २०२५ चा किमान दर तासाला १२.२१ पौंड. आठवड्याचे झाले २४४ पौंड. यात घरभाडं निघेल, किराणा निघेल, बसचा पास निघेल. फी निघणार नाही, अगदी वर्षभर एक आठवडा न चुकवता राबलात तरी नाही. मग ज्या कामातून फी कधीच निघणार नव्हती, त्यासाठी फी भरून घेतलेलं शिक्षण बुडवायचं, हा कुठला हिशेब?

यावर उपाय म्हणून काहीजण वीस तासांच्या वर "कॅश"मध्ये करतात. किमान दराच्या निम्म्यावर, आपल्याच माणसाच्या दुकानात, मागच्या दाराने. तो "आपला माणूस" तुम्हाला कमी पैसे देतो कारण त्याला पक्कं ठाऊक असतं की तुम्ही तक्रार करू शकत नाही. सापडलात तर व्हिसा तुमचा जातो. आणि उन्हाळ्यात सुट्टी म्हणून पूर्ण वेळ काम करता येईल असं ज्यांना वाटतं, त्यांनी आत्ताच ऐकून ठेवा, मास्टर्सवाल्यांना उन्हाळ्यात डिझर्टेशन असतं आणि तो काळ सत्रातच धरतात. पदवीच्या मुलांचं बघून ठरवू नका.

आता मुख्य मुद्द्यावर येते, कारण बाकी सगळं त्यातूनच निघालंय. तुम्ही विचारत नाही.

सेमिनारमध्ये वीसजण बसता. मी प्रश्न टाकते. नायजेरियाची मुलगी बोलते, ग्रीसचा मुलगा बोलतो, चीनची मुलं अडखळत का होईना पण हल्ली बोलायला लागलीत. तुम्ही वहीत बघता. बाहेर पडल्यावर कॉरिडॉरमध्ये मात्र त्याच विषयावर जोरजोरात बोलता, मराठीत, आणि चांगलं बोलता. एकदा मी मागून चालत होते. महाराष्ट्रातल्या सहकारी बँका का बुडाल्या यावर तुमच्यातला एकजण जे बोलत होता, ते त्या दिवशीच्या वाचनातल्या लेखापेक्षा सरस होतं. वर्गात पन्नास मिनिटं तो गप्प होता! का रे? इंग्रजी चुकेल म्हणून? माझं नाही चुकत? डीनचं नाही चुकत?

मंगळवारी दोन ते चार माझ्या खोलीचं दार उघडं असतं. माझ्या नोकरीचाच भाग आहे तो, उपकार नाही. इथल्या प्रत्येक शिक्षकाची अशी वेळ असते, प्रत्येक विद्यार्थ्याला एक पर्सनल ट्यूटर दिलेला असतो. तुमच्यातल्या कितीजणांना आपल्या ट्यूटरचं नाव माहीत आहे? त्या दोन तासांत मी एकटी चहा पिते. आणि निबंध जमा करायच्या आदल्या रात्री दोन वाजता तुमच्या ईमेल येतात: "रिस्पेक्टेड मॅडम, काइंडली गाइड." त्या वेळी मी काय गाइड करू? झोप म्हणून सांगू?

कारणं मला ठाऊक आहेत. आपल्या कॉलेजात प्रश्न विचारणाऱ्याला सर म्हणायचे, "फार हुशार झालास का?" परीक्षेला अपेक्षित प्रश्नसंच, तोंडी परीक्षेला जर्नलवर सही, आणि गाइड म्हणजे बाजारात मिळणारं पिवळ्या कागदाचं पुस्तक. पंधरा वर्षं ज्याला तोंड बंद ठेवायची शिस्त लावली, त्याचं तोंड विमानात बसल्याबरोबर उघडत नाही. कबूल. पण हे कारण ऑक्टोबरपर्यंत चालतं. फेब्रुवारीत ते कारण राहत नाही, सोय होते. इथलं विद्यापीठ विहिरीसारखं आहे, पोहरा तुम्ही सोडायचा. कोणी तांब्या भरून तुमच्या हातात देणार नाही, आणि तुम्ही तहानलेले परत गेलात तरी कोणाला पत्ताही लागणार नाही.

स्वतः पोहरा सोडणं म्हणजे काय, ते सांगते. गेल्या महिन्यात तुम्ही सगळे लंडनला गेला होतात. दहा नंबर, किंग हेन्रीज रोड. दारातला फोटो तुमच्या सगळ्यांच्या स्टेटसवर पाहिला. छान. महाराष्ट्र सरकारने ते घर २०१५ मध्ये विकत घेतलं, तिथे स्मारक केलं, जायलाच हवं होतं. पण १९२१-२२ मध्ये त्या घरात राहणारा माणूस काय करत होता, याचा विचार फोटो काढताना केलात का? बाबासाहेब आंबेडकर लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समध्ये पहिल्यांदा आले १९१६ ला. बडोद्याच्या शिष्यवृत्तीची मुदत संपली म्हणून पुढच्याच वर्षी अभ्यास अर्धवट टाकून परत जावं लागलं. मग मुंबईत सिडनहॅम कॉलेजात शिकवून पैसे साठवले, शाहू महाराजांची मदत झाली, नवल भथेना या मित्राकडून कर्ज घेतलं, आणि १९२० मध्ये पुन्हा आले. अर्धपोटी राहून ग्रंथालय उघडल्यापासून बंद होईपर्यंत वाचायचे. हे सगळं तुम्हाला भाषणांतून पाठ आहे. भाषणांत जे कमी सांगतात ते मी सांगते.

रुपयाच्या प्रश्नावरचा त्यांचा डी.एस्सी.चा प्रबंध परीक्षकांनी पहिल्या फेरीत तसाच स्वीकारला नाही. पुन्हा लिहून द्या म्हणाले. तोवर पैसे संपले होते, त्यांनी मुंबईला जाऊन तो सुधारला, परत पाठवला, आणि १९२३ मध्ये पदवी मिळवली. आंबेडकरांचा प्रबंधसुद्धा दुरुस्तीला परत आला होता, आणि त्यांनी तो दुरुस्त केला. तुम्ही त्यांच्या दारात फोटो काढता आणि स्वतःच्या निबंधाखालच्या चार ओळी उघडून बघत नाही.

अजून आहे. त्यांचे मार्गदर्शक एडविन कॅनन. त्या काळी लंडनमधले मोठे अर्थशास्त्रज्ञ. प्रबंध पुस्तकरूपाने आला तेव्हा कॅनन यांनी प्रस्तावना लिहिली, आणि त्या प्रस्तावनेतच सांगितलं की लेखकाची बरीच मतं मला पटत नाहीत. मतं पटत नसताना गाइड प्रस्तावना लिहितो! कारण विद्यार्थ्याने त्याच्यासमोर ठाम उभं राहून, आकडे देऊन, स्वतःचं म्हणणं मांडलेलं होतं. या व्यवस्थेत जे काही चांगलं आहे ते हेच आहे. इथे माझ्याशी असहमत झालात म्हणून गुण कापले जात नाहीत. माझ्या स्लाइडवरची वाक्यं मलाच परत वाढलीत, तर कापले जातात. तुमच्या ४२ मध्ये तेच झालंय.

आणि मुलींनो, तुम्हाला वेगळं सांगायला नको, पण सांगते. नाशिकला जन्मलेली, पुण्याच्या डेक्कन कॉलेजात शिकलेली कॉर्नेलिया सोराबजी १८८९ मध्ये ऑक्सफर्डला गेली. कायद्याच्या परीक्षेला बाईला बसू द्यायचं की नाही याचाच तिथे निर्णय नव्हता. तिने परवानगी मागितली, विशेष ठराव करून घेतला आणि १८९२ मध्ये पुरुषांबरोबर पेपर दिला. पदवी हातात पडायला १९२२ उजाडलं. आणि तुम्ही मला "एक्स्टेन्शन मागितलं तर मॅडम काय म्हणतील" म्हणून घाबरता?

एक्स्टेन्शनवरून आठवलं. आजारी पडलात, घरचं कोणी गेलं, मन लागत नाही, तर त्यासाठी फॉर्म आहे. तो मुदतीच्या आधी भरायचा असतो. निकाल लागल्यावर "मला तेव्हा डिप्रेशन होतं" म्हणून सांगितलंत तर समितीचे हात बांधलेले असतात. मला माहीत आहे, नोव्हेंबर-डिसेंबर इथे फार वाईट. चारच्या सुमारास अंधार पडायला लागतो, खोलीत उठावंसं वाटत नाही. एका घरात सातजण राहता, तरी एकटं वाटतं. यात लाजण्यासारखं काही नाही. पण व्हिसाबरोबर वर्षाला ७७६ पौंड आरोग्याचा अधिभार भरून आलात, आणि तुमच्यातल्या निम्म्यांनी अजून जीपीकडे, म्हणजे इथल्या डॉक्टरकडे, नाव नोंदवलेलं नाही. ताप आला की घरून आणलेली गोळी घेता आणि व्हिडिओ कॉलवर आईला थर्मामीटर दाखवता. ती माउली सोलापुरात बसून काय करणार आहे?

आता एक घाणेरडा विषय. निबंध विकत घेणं.

मी नावं घेत नाही. ज्यांना समज मिळाली आहे त्यांना माहीत आहे. निबंध लिहून देण्याचा धंदा इंग्लंडमध्ये २०२२ च्या कायद्याने गुन्हा ठरला, जाहिरात करणंसुद्धा गुन्हा. तरी तुमच्या फोनवर मेसेज येतातच, "शंभर टक्के प्लेजरिझम फ्री". त्यांना पैसे दिलेत की तुमचं नाव, विद्यापीठ, मॉड्यूल, सगळं त्यांच्याकडे गेलं. मग वर्षभराने तेच लोक धमकी देतात की पैसे टाक, नाहीतर विद्यापीठाला कळवतो. असं झालंय, होतंय. आणि जे विकत घेत नाहीत ते चॅटबॉटकडून लिहून घेतात. बाळांनो, संदर्भसूचीत जे पुस्तक अस्तित्वातच नाही ते छापून देता, आणि मी ते लायब्ररीत शोधणार नाही असं तुम्हाला वाटतं? तुम्ही सेमिनारमध्ये तोंड उघडलं असतं, तर तुमचं इंग्रजी कसं आहे, तुमचा विचार कसा चालतो हे मला माहीत असतं. मग खऱ्या लिखाणावर संशय आला तर मीच समितीसमोर तुमच्या बाजूने बोलले असते. गप्प विद्यार्थ्याची ओळखच नसते, मग त्याची बाजू कोण घेणार?

विद्यापीठाला मी मोकळं सोडतेय असं समजू नका. इथल्या मुलांच्या पदवीच्या फीवर सरकारची मर्यादा आहे. २०१७ पासून ती ९,२५० पौंडांवर अडकून होती, २०२५ मध्ये जेमतेम ९,५३५ झाली. तुमच्या फीला मर्यादा नाही. त्यामुळे या इमारतीचे दिवे कोणाच्या पैशावर जळतात ते सगळ्यांना माहीत आहे, फक्त मोठ्याने कोणी म्हणत नाही. तुम्हाला इथे पाठवणाऱ्या एजंटला विद्यापीठाकडूनच कमिशन जातं. त्याने तुम्हाला सांगितलं की पोहोचल्याबरोबर पार्टटाइम, संपल्याबरोबर नोकरी, मग स्पॉन्सरशिप. तो खोटं बोलला. पण तुम्ही एमएस्सीला आलेली माणसं आहात ना? सरकारची वेबसाइट फुकट आहे. पंचवीस लाखांचा निर्णय रील बघून घ्यायचा?

ऐका, कारण यातलं काही तुमच्या ४२ शी थेट जोडलेलं आहे. शिक्षणानंतर राहायचा ग्रॅज्युएट व्हिसा आत्तापर्यंत दोन वर्षांचा होता. १ जानेवारी २०२७ पासून जे अर्ज करतील त्यांना अठराच महिने मिळणार आहेत. सगळं वेळेत पास झालात तर तुमचा निकाल नोव्हेंबरात लागेल, विद्यापीठ गृह खात्याला कळवेल आणि तुमचा अर्ज वर्ष संपायच्या आत जाईल. एक रीसिट, म्हणजे फेरपरीक्षा, मागे राहिली, निकाल जानेवारीच्या परीक्षा मंडळाकडे ढकलला गेला, की सहा महिने गेले. रीसिटला ९० टक्क्यांचं लिहिलंत तरी गुणपत्रिकेवर ५० च लागतील, तेही सांगून ठेवते. आणि पुढे कंपनीने स्पॉन्सर करायचं तर जुलै २०२५ पासून सर्वसाधारण पगाराची अट ४१,७०० पौंडांची आहे. नुकत्याच शिकून निघालेल्यांना सवलत आहे, तरी ३३,४०० लागतातच. वेअरहाउसचा अनुभव दाखवून हा पगार मिळत नाही.

घरच्यांना हे सगळं सांगितलंत का? नाही. घरी फक्त बर्फ पडल्याचा व्हिडिओ गेलाय. आज फोन कराल तेव्हा खरे गुण सांगा. ओरडतील, ओरडू द्या.

राहिलं डिझर्टेशन. साठ क्रेडिट्स, म्हणजे सहाशे तास. विषयांचे अर्ज आले आहेत. तुमच्यातल्या अर्ध्याहून अधिक जणांनी लिहिलंय, "इम्पॅक्ट ऑफ सोशल मीडिया मार्केटिंग ऑन कन्झ्युमर बिहेवियर". कुठला कन्झ्युमर, कुठलं मार्केटिंग, कशाचा इम्पॅक्ट? दरवर्षी हाच विषय येतो, दरवर्षी तीच शंभर लोकांची गूगल फॉर्मची प्रश्नावली, जी तुम्ही एकमेकांनाच पाठवून भरून घेता. हे सगळे अर्ज मी परत करतेय. शुक्रवारपर्यंत नवे हवेत.

तू, निफाडचा ना? तुझे वडील कांदा लासलगावला नेतात. डिसेंबर २०२३ मध्ये केंद्राने निर्यात बंद केली तेव्हा तुझ्या घरात काय झालं, ते तू मला कॉरिडॉरमध्ये उभ्याउभ्या सांगितलं होतंस. व्यापाऱ्याने भाव कसा पाडला, चाळीत किती सडला, पुढच्या हंगामात कोणी लावणीच केली नाही. तुझ्या अर्जात यातलं काहीच नाही, इन्स्टाग्राम आहे. त्या बाजाराबद्दल तुला जे माहीत आहे ते या इमारतीत कोणाला माहीत नाही, मलाही नाही. मंगळवारी ये. एका पानावर तीन प्रश्न लिहून आण, ज्यांची उत्तरं तुला आत्ता येत नाहीत असे. माझं म्हणणं पटलं नाही तर तिथेच भांड, पण येताना बाजार समितीचे आकडे घेऊन ये.

बाकीच्यांनीही वेळा लिहून घ्या. फोन आता उचला.